घालताना राष्ट्राचा, मोजताना घरचा

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने एक छोटेखानी निवेदन काढले. मे महिन्यातल्या राज्याभिषेकासाठी कॅमिला राणीला नवा मुकुट घडवला जाणार नाही, पाचव्या जॉर्जची पत्नी मेरी राणी हिचा १९११ सालचा मुकुट थोडाफार बदलून वापरला जाईल आणि त्यात कलिनन तीन, चार आणि पाच या क्रमांकांचे हिरे बसवले जातील, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी आणि चॅनेलांनी त्यातून एकच बातमी उचलली: कोहिनूर वापरणार नाहीत. ते साहजिकच होते. पण माझ्या मते खरी बातमी निवेदनातल्या दुसऱ्याच ओळीत होती. हे हिरे दिवंगत एलिझाबेथ राणीच्या खासगी दागिन्यांपैकी आहेत आणि ती ते ब्रोच म्हणून, म्हणजे कपड्यावर टाचायचा पिनेचा दागिना म्हणून, लावत असे, अशा आशयाची ती ओळ.

राज्याभिषेक हा सरकारी तिजोरीतून होणारा सोहळा. त्यात राणीच्या डोक्यावर चढणारे हिरे मात्र खासगी. या दोन गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिताना कुणाचाही हात अडखळला नाही आणि वाचताना फारसे कुणाला खटकलेही नाही.

कोहिनूरबद्दल आपण इतके बोललो आहोत की त्यात आता नवे काही उरलेले नाही. १८४९ चा लाहोरचा तह, पंजाबचा अजाण महाराजा दुलीपसिंग, आणि २०१६ साली आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात ‘तो चोरलेला नाही’ म्हणणे आणि मग सरकारची झालेली सारवासारव, सगळे पाठ आहे. पण कोहिनूरचे एक बरे आहे. आज तो कुणाच्या नावावर आहे याविषयी संदिग्धता नाही. तो राजमुकुटाच्या ठेव्यात आहे, टॉवर ऑफ लंडनमध्ये तिकीट काढून कुणालाही दिसतो आणि कुठल्याही राजाला तो विकता येत नाही. वाद आहे तो मिळवला कसा याचा. ब्रोचांचे नेमके उलटे आहे. ते मिळाले कसे याची कागदपत्रे स्वच्छ आहेत. पण ते कुणाचे, हे विचारले की दार बंद होते.

माझे म्हणणे साधे आहे. दागिना राष्ट्राकडून आलेला असेल आणि तो घालण्याचा प्रसंगही राष्ट्राचा असेल, तर तो राष्ट्राच्या वहीत चढला पाहिजे. परत द्यायचा की नाही हा पुढचा वाद आहे आणि तो वेगळ्या ताकदीचा आहे. आधी वहीत लिहा.

आता ज्याच्यावरून हे सगळे बोलायचे तो ब्रोच. वर चौकोनी, कोपरे गोलसर केलेला ६३.६ कॅरटचा हिरा, कलिनन चार. त्याखाली लोंबता, थेंबाच्या आकाराचा ९४.४ कॅरटचा कलिनन तीन. पाने नाहीत, फुले नाहीत, वेलबुट्टी नाही. कोंदण असून नसल्यासारखे. नुसत्या दोन हिऱ्यांचेच वजन साडेएकतीस ग्रॅम भरते, म्हणजे आजच्या सराफी हिशोबाने तीन तोळ्यांहून थोडे जास्त. आपल्या बायकांना तीन तोळे म्हणजे काय ते सांगायला नको. फक्त इथे ते सोन्याचे नाहीत.

हे दोन्ही हिरे एकाच दगडाचे तुकडे. जानेवारी १९०५ मध्ये प्रिटोरियाजवळच्या प्रीमिअर खाणीत, वरच्या थरातच, फ्रेडरिक वेल्स या देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला तो सापडला. ३,१०६ कॅरट, म्हणजे सुमारे ६२१ ग्रॅम. खाणीचे अध्यक्ष टॉमस कलिनन, म्हणून दगड कलिनन. एवढ्या मोठ्या हिऱ्याला गिऱ्हाईकच मिळेना. दोन वर्षे तो तसाच पडून राहिला. शेवटी १९०७ साली ट्रान्सव्हाल वसाहतीच्या सरकारने तो दीड लाख पौंडांना विकत घेतला आणि सातव्या एडवर्ड राजाला त्याच्या ६६व्या वाढदिवशी, ९ नोव्हेंबरला, भेट दिला.

इथे जरा थांबायला हवे, कारण ही भेट कुणी दिली हे पाहण्यासारखे आहे. बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी, आणि इंग्रज यांचे युद्ध १९०२ मध्ये संपले होते. बोअरांची शेते जाळली गेली होती, बायका-मुले छावण्यांत मेली होती. त्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेला सेनापती लुई बोथा पाच वर्षांनी ट्रान्सव्हालचा पंतप्रधान झाला आणि त्यानेच हा प्रस्ताव मांडला. विधानसभेत ४२ विरुद्ध १९ मतांनी तो मंजूर झाला. गंमत अशी की बाजूने मते पडली ती मुख्यतः बोअरांची आणि ‘एवढा खर्च कशाला’ म्हणून विरोध केला तो इंग्रज वंशाच्या सभासदांनी. पराभूत माणूस जेत्याशी सलोखा करतो तेव्हा तो हिशोबी नसतो असे कुणी समजू नये. ज्यांनी त्या खाणीत कुदळ मारली त्या काळ्या मजुरांना मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे सभागृह गोऱ्यांचे, तिजोरी सगळ्यांच्या श्रमाची, आणि दगड राजाचा.

हिरा अॅमस्टरडॅमच्या आशर बंधूंकडे कापायला गेला. नेताना म्हणे रिकामी पेटी लष्करी बंदोबस्तात गलबतावर आणि खरा दगड आशर यांच्या कोटाच्या खिशात. १९०८ मध्ये जोसेफ आशर याने तो फोडला. त्यातून नऊ मोठे हिरे आणि बारीक चुऱ्याचा ढीग निघाला. सर्वांत मोठा ५३०.२ कॅरटचा राजदंडात बसला, दुसरा ३१७.४ कॅरटचा शाही मुकुटात. हे दोन्ही राजमुकुटाच्या मालकीचे, टॉवरमध्ये. उरलेले आशरांनी मजुरी म्हणून ठेवून घेतले. त्यातला एक एडवर्ड राजाने स्वतःच्या राणीसाठी विकत घेतला. तो खुशाल खासगी म्हणा. बाकीचे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने पुन्हा विकत घेतले आणि १९१० साली मेरी राणीला नजर केले. तोवर ट्रान्सव्हाल, केप वगैरे एकत्र होऊन दक्षिण आफ्रिका संघ नुकताच उभा राहिला होता.

म्हणजे पहिल्यांदा पैसे मोजले ते सरकारने आणि दुसऱ्यांदाही सरकारनेच. दगड एक, देणारी तिजोरी एक, घेणारे घराणे एक. फरक इतकाच की पहिल्या वेळी पत्रावर राजाचे नाव होते, दुसऱ्या वेळी राणीचे. तेवढ्यावर पहिले दोन हिरे राष्ट्राचे झाले आणि तिसरा-चौथा घरचे. मेरी राणीने १९११ च्या राज्याभिषेकात हे दोन्ही मुकुटात मिरवले, नंतर काढून घेतले, मुकुटात त्यांच्या जागी स्फटिक बसवले आणि हिऱ्यांचा ब्रोच झाला. १९५३ साली ती वारली तेव्हा तो नातीकडे, एलिझाबेथकडे, आला. कुटुंबात त्याला ‘ग्रॅनीज चिप्स’ म्हणतात, म्हणजे आजीचे तुकडे. एकशे अठ्ठावन्न कॅरटचे तुकडे!

एलिझाबेथने तो सत्तर वर्षांच्या कारकिर्दीत अगदी मोजक्या वेळी लावला. ते मोजके प्रसंग कोणते हे महत्त्वाचे आहे. जाहीररीत्या पहिल्यांदा तो दिसला मार्च १९५८ मध्ये, नेदरलंड्सच्या राजकीय दौऱ्यात. त्या दौऱ्यात ती अॅमस्टरडॅमला आशरांच्या कारखान्यात गेली. दगड फोडणाऱ्या जोसेफचा भाऊ लुई आशर तेव्हा ८४ वर्षांचा होता. राणीने कोटावरचा ब्रोच काढला आणि त्याच्या हातात दिला. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच कारखान्यातून गेलेले हिरे म्हातारा पुन्हा हातात घेऊन पाहत होता. मधल्या काळात नाझींनी त्या कारखान्यातल्या बहुतेक ज्यू कारागिरांना छावण्यांत नेऊन मारले होते, हे ध्यानात घेतले की तो क्षण नुसत्या शिष्टाचाराचा उरत नाही. मला राजघराण्यांचे कौतुक नाही, पण ही कृती नेमकी होती हे मान्य करायला हवे. कुठल्याही भाषणाने जे झाले नसते ते एका पिनेने झाले.

दुसरा ठळक प्रसंग जून २०१२ चा. राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झालेल्या प्रार्थनेला तिने हाच ब्रोच लावला. आणि तिसरा, तिच्या माघारी, २०२३ चा राज्याभिषेक, जिथे तेच हिरे मुकुटात परत गेले. परराष्ट्र दौरा, राज्याचा हीरक महोत्सव, राज्याभिषेक. या यादीत कौटुंबिक जेवण किंवा नातवाचे बारसे कुठे आहे?

इतर ब्रोचांनाही हेच लागू पडते. राजवाड्यावर नजर ठेवणारी मंडळी सांगतात की राणीचा ब्रोच कधी सहज नसतो. युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी पॉपीची फुले ठरावीक ब्रोचाने टाचली जातात. २०११ मध्ये विल्यमच्या लग्नात प्रेमगाठीच्या आकाराचा ब्रोच निघाला. जुलै २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प लंडनला आले तेव्हा तर ब्रोचांवर अग्रलेख लिहायचेच बाकी राहिले होते. पहिल्या दिवशी राणीने ओबामा दांपत्याने दिलेला साधासा ब्रोच लावला. विंडसरला ट्रम्प यांची भेट झाली त्या दिवशी तिच्या आईने राजाच्या अंत्ययात्रेत लावलेला पानांचा. तिसऱ्या दिवशी कॅनडाकडून आलेला नीलमण्यांचा, आणि कॅनडाशी ट्रम्प यांचे तेव्हा वाजलेले. राजवाडा यावर एक शब्द बोलला नाही. कधी बोलतही नाही. मला स्वतःला यातल्या निम्म्या अर्थांबद्दल शंका आहे. बाईने सकाळी निळा कोट घातला म्हणून निळा ब्रोच लावला, इतकेही असू शकते. पण राजेशाहीचे समर्थक हे अर्थ हौसेने सांगतात. राणीला बोलायची मुभा नाही, म्हणून ती दागिन्यांतून बोलते, हे राष्ट्राचे काम आहे, असे ते म्हणतात.

ठीक आहे, मानले. मग ज्या वस्तूने राष्ट्राचे काम होते ती वस्तू खासगी कशी? लष्करातल्या सेनापतीची तलवार त्याच्या आजोबांची असेल तर आपण घरची म्हणू. पण ती जर सरकारने विकत घेऊन आजीला दिली असेल, आणि तो ती फक्त संचलनात कमरेला लावत असेल, तर त्याच्या मृत्युपत्रात तिचे काय काम?

दागिना न घालण्यानेही बोलता येते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. डिसेंबर १९११ मध्ये पाचवा जॉर्ज आणि मेरी राणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. ज्याच्या आठवणीसाठी आपण गेटवे ऑफ इंडिया बांधला तोच हा प्रसंग. पुढे दिल्ली दरबारात कलिननचेच आणखी काही तुकडे मेरी राणीच्या अंगावर होते आणि समोरून संस्थानिक हिऱ्यापाचूंनी मढून मुजरे करत येत होते. त्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पोशाखात, दागिने न घालता आले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. लंडनच्या पत्रांनी गहजब केला, सयाजीरावांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. एका माणसाच्या गळ्यात हार नाही एवढ्यावरून साम्राज्य हलते, याचाच अर्थ दरबारातला दागिना हा अंगावरचा शृंगार नव्हता. तो राज्यकारभाराचा भाग होता. हे तेव्हा सर्वांना कळत होते. आता हिशोबाची वेळ आली की तेवढे कळेनासे होते.

आपल्याशी थेट नाते असलेला एक ब्रोच तर या सगळ्यात दुर्लक्षितच राहिला आहे. २० नोव्हेंबर १९४७ ला एलिझाबेथचे लग्न झाले. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान याने लंडनच्या कार्तिए पेढीला कळवले की राजकन्येने दुकानातून हवे ते निवडावे. तिने हिऱ्यांचा एक हार आणि गुलाबांच्या नक्षीचा एक टियारा, म्हणजे डोक्यावरचा छोटा मुकुट, निवडला. टियारा १९७३ मध्ये मोडला, त्याचे हिरे दुसऱ्या टियारात गेले आणि त्यावरचे तीन गुलाब ब्रोच म्हणून शिल्लक राहिले. हार राणी झाल्यानंतरच्या अधिकृत छायाचित्रांत तिच्या गळ्यात दिसतो. २०१४ मध्ये तो विल्यमची पत्नी केट हिच्या गळ्यात दिसला तेव्हा फॅशनची पाने भरून गेली.

त्या नोव्हेंबरात मराठवाड्यात काय चालले होते? औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते आणि इथे तिरंगा लावणे गुन्हा होता. १५ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली होती. सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहत होते, गावागावांत रझाकारांची दहशत वाढत होती. निजाम भारतात यायचे की स्वतंत्र राहायचे याचा घोळ घालत होता आणि लंडनशी संबंध टिकवून धरण्यात त्याला उघड स्वारस्य होते. लग्नानंतर नऊ दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, त्याने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. अशा महिन्यात दिलेला हार हा निव्वळ लग्नाचा आहेर होता असे मानायला मी तयार नाही. निजामाची खासगी दौलत सर्फ-ए-खास नावाच्या जहागिरीतून यायची. त्या जहागिरीत मराठवाड्यातली गावेही होती आणि तिथला शेतकरी सारा भरत होता. कार्तिएच्या बिलाला नेमका कुठला पैसा लागला हे कुणी दाखवू शकणार नाही, पण निजामाचे खासगी आणि रयतेचे यांच्यातली भिंत किती पातळ होती हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारावे.

हा हार किंवा ते गुलाब परत मागण्याचा कुणाला कायदेशीर आधार आहे असे मी म्हणत नाही. दिलेली भेट ती दिलेली. निजामाचे दहा लाख पौंड १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत अडकले, त्याचा दावा सत्तर वर्षांनी, २०१९ साली, भारताच्या आणि वारसांच्या बाजूने लागला. तिथे वाद होता, इथे नाही. माझा मुद्दा एवढाच की एका राज्यकर्त्याने दुसऱ्या राजघराण्याला राजकीय धांदलीत दिलेली वस्तू ‘घरचा दागिना’ या खात्यात जाते आणि तिथून पुढे तिचा माग संपतो.

माग संपतो हे मी शब्दशः म्हणतो आहे. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाचे मृत्युपत्र प्रोबेट झाले, म्हणजे न्यायालयाने ते खरे ठरवले, की फी भरून कुणालाही त्याची नक्कल मिळते. राजघराण्यातल्यांची मृत्युपत्रे मात्र १९१० च्या सुमारापासून मोहोरबंद होत आली आहेत. ही प्रथा सुरू झाली ती मेरी राणीचा भाऊ प्रिन्स फ्रान्सिस ऑफ टेक याच्या मृत्युपत्रापासून. त्याने घराण्याचे पाचू एका विवाहित मैत्रिणीला देऊन टाकल्याची कथा इतिहासकार सांगतात. मेरी राणीने ते तिच्याकडून परत मिळवले आणि मृत्युपत्र बंद करून टाकले. म्हणजे ज्या वर्षी आफ्रिकेच्या सरकारने तिच्या ओंजळीत हिरे टाकले, त्याच वर्षी घराण्याच्या दागिन्यांवर पडदाही पडला. २०२१ मध्ये प्रिन्स फिलिपचे मृत्युपत्र ९० वर्षे बंद ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला, आणि ती सुनावणीही बंद दाराआडच झाली. खुद्द राजा-राणीच्या मृत्युपत्राला तर प्रोबेटच लागत नाही.

वर कराची सवलत. १९९३ मध्ये पंतप्रधान जॉन मेजर यांच्या काळात झालेल्या समझोत्यानुसार राणी स्वेच्छेने आयकर भरू लागली, पण एका राजाकडून पुढच्या राजाकडे जे जाते त्याला वारसा कर नाही. इतरांना सव्वातीन लाख पौंडांच्या वर ४० टक्के. या सवलतीचे समर्थन असे दिले गेले की राजाची काही मालमत्ता खासगी असली तरी राजपदाच्या कामाची असते, ती कर भरण्यासाठी विकावी लागू नये. म्हणजे कर चुकवायचा तेव्हा राजपदाच्या कामाची, आणि यादी मागितली की खासगी. एकाच दागिन्याला दोन गोत्रे लावायची आणि जिथे जे सोयीचे तिथे ते सांगायचे.

गेल्या वीस-बावीस वर्षांत राजवाड्याने भेटींचे नियम केले, हे खरे. परदेश दौऱ्यात किंवा अधिकृत कामात मिळालेली भेट घेणाऱ्याची खासगी मालमत्ता नाही, असे आता लिखित आहे. त्याचा उपयोगही दिसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये फिजीच्या मेजवानीत राजपुत्र हॅरीची पत्नी मेगन मार्कल हिने घातलेली कर्णभूषणे सौदी युवराजाकडून आली होती हे पुढे उघड झाले, तेव्हा सौदी पत्रकार खशोगींच्या खुनानंतर तीनच आठवड्यांनी ती घालावी का, यावर ब्रिटिश पत्रांनी रान उठवले. प्रश्न विचारता आला, कारण ती वस्तू कुठून आली हे ठाऊक झाले. पण हे नियम नव्या भेटींचे. १९१० आणि १९४७ च्या भेटी त्या चौकटीच्या बाहेर, आणि खरा ऐवज तर तिथेच आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही आधी आपले बघा. बघू या की. आपल्याकडे मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना परदेशात मिळालेल्या भेटी परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात जमा कराव्या लागतात, ठरावीक किमतीखालची वस्तूच ठेवून घेता येते आणि याद्या जाहीर होतात. पंतप्रधानांना मिळालेल्या पगड्या आणि शालींचा लिलाव होतो. शेजारच्या पाकिस्तानात तर तोशाखान्यातल्या घड्याळांवरून माजी पंतप्रधान तुरुंगात गेला. त्या खटल्यातले राजकारण बाजूला ठेवले तरी भेटवस्तूचा हिशोब सर्वांत ताकदवान माणसालाही विचारता येतो, ही कल्पना या उपखंडात परकी नाही. देवालाही आपण यातून सोडलेले नाही. तुळजापूरच्या भवानीला नवरात्रात ठरावीक दागिने चढतात, ते कुठल्या पेटीतून निघाले आणि परत कुठे गेले याच्या नोंदी असाव्या लागतात. त्या नोंदींत तफावत असल्याची ओरड झाली तेव्हा चौकशी बसली, पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. देवीच्या दागिन्यांची मोजदाद करणे हा देवीचा अपमान आहे, असे कुणी म्हटले नाही.

पण इथे एक गोष्ट कबूल करावी लागेल, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. निजामाच्याच खजिन्याचा उरलेला भाग पाहा. त्याने १९५१-५२ मध्ये दागिन्यांचे ट्रस्ट केले, वारसांना ते परदेशात विकायचे होते, कोर्टकज्जे झाले आणि १९९५ मध्ये भारत सरकारने १७३ दागिने सुमारे २१८ कोटींना विकत घेतले. त्यातच तो १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा, जो निजाम पेपरवेट म्हणून वापरायचा. तेव्हा आपण जिंकलो. दौलत देशाची झाली. आणि मग? ती मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत जाऊन पडली. २००१ पासून मोजकी प्रदर्शने झाली, त्यातले एक २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. हैदराबादकर कायमच्या प्रदर्शनाची मागणी करून दमले. फोर्टातल्या त्या इमारतीवरून रोज हजारो लोक जातात, आत काय आहे हे बहुतेकांना माहीतही नसते. याउलट लंडनमधले गुलाब निदान कुणाच्या तरी कोटावर दिसतात, त्यांचे फोटो निघतात, चर्चा होते. राजेशाहीचा समर्थक मला म्हणेल, बघा, राष्ट्रीयीकरण केले की दागिना मरतो.

या आक्षेपात दम आहे, पण तो वहीच्या विरोधात नाही, कुलपाच्या विरोधात आहे. ब्रिटनपुढे हा पेच मुळात नाहीच. तिथे रॉयल कलेक्शन नावाची व्यवस्था आहे. चित्रे, फर्निचर, हस्तलिखिते राजाच्या नावे पण राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेली, विकता न येणारी, कॅटलॉग लोकांसाठी खुला. टॉवरमधले मुकुट आणि राजदंडही वापरात आहेतच. २०२३ मध्ये चार्ल्सच्या हातातला राजदंड आणि त्यातला सर्वांत मोठा कलिनन राष्ट्राचाच होता, म्हणून तो घेताना त्याच्या हाताला काही झाले नाही. राष्ट्राच्या वहीतला ब्रोचही राणीला लावता येईल. फक्त तो कुणाला देऊन टाकता येणार नाही आणि विकता येणार नाही. शिवाय तो कुठून आला हे त्याच्या शेजारी लिहावे लागेल. मला वाटते, खरा अडसर शेवटच्या अटीचा आहे. ‘दक्षिण आफ्रिका सरकारकडून, १९१०’ आणि ‘हैदराबादच्या निजामाकडून, नोव्हेंबर १९४७’ असे एकाखाली एक लिहू लागलो की कॅटलॉगाचा इतिहास होतो. एलिझाबेथच्या मृत्यूनंतर दक्षिण आफ्रिकेतून कलिनन परत द्या अशी मागणी झाली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा राजदंडावर होत्या. ब्रोचाचे नाव फारसे कुणी घेतले नाही, कारण तो ‘खासगी’.

हे सगळे ब्रिटिश राजघराण्याला समजत नाही असे नाही. हा धडा त्यांनी एकदा भारी किंमत देऊन शिकलेला आहे. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली, पण जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गादीवर, जी तोवर ब्रिटनच्या राजाकडेच होती, बाई बसू शकत नव्हती, म्हणून ते राज्य तिच्या काकाकडे गेले. काकाने दावा लावला की राणी घालते त्यातले कितीतरी दागिने हॅनोव्हरचे आहेत. कुठला दागिना ब्रिटिश राजपदाचा, कुठला हॅनोव्हरच्या घराण्याचा, कुठला आजीचा वैयक्तिक, याची धड नोंद नव्हती. वीस वर्षे वाद चालला, काका मेला, त्याच्या मुलाच्या बाजूने निकाल लागला आणि १८५८ च्या आरंभी व्हिक्टोरियाला पेटीच्या पेटी काढून द्यावी लागली. त्याच वर्षी तिने गॅरार्ड पेढीकडून भरपाईदाखल नवे दागिने करून घेतले. फितीच्या गाठीच्या आकाराचे हिऱ्यांचे तीन ब्रोच त्यातलेच. आणि मृत्युपत्र करताना तिने काही दागिने ‘राजमुकुटाचे’ म्हणून नावानिशी वेगळे काढले, पुढच्या कुणाला तसे मानहानीचे दिवस येऊ नयेत म्हणून.

त्या यादीत एक नीलमण्याचा ब्रोच आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी, ९ फेब्रुवारी १८४० ला, अल्बर्टने तो तिला दिला. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या झग्यावर तिने तोच लावला. नवऱ्याने बायकोला दिलेली, सरकारचा छदाम न लागलेली, यापेक्षा खासगी वस्तू कुठली असेल? ती आज राजपदाची आहे, राणीच्याच इच्छेने. आणि ट्रान्सव्हालच्या सभागृहाने मतदान करून घेतलेल्या दगडाचे तुकडे घरचे. चार्ल्सला ही उलटापालट सरळ करायची असेल तर त्याला संसदेत जावे लागणार नाही, कुणाला काही परतही द्यावे लागणार नाही. पणजोबांच्या आजीने, व्हिक्टोरियाने, केलेल्या यादीखाली आणखी काही ओळी लिहून सही करायची आहे.